आल्बर्ट राजपुत्र व नाताळचे झाड

नाताळ पंधरा दिवसांवर आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न हटकून निघतो. उपासनामंदिरात सुरूची फांदी उभी करावयाची हे सर्वांस मान्य असते. पण तिच्यावर काय व किती टांगावे ह्याविषयी तरुण मंडळी एका बाजूस व पंच दुसऱ्या बाजूस होतात. तरुणांस वाटते की, बेगडाच्या चांदण्या, रंगीत कागदाच्या साखळ्या व काचेचे गोळे इतके असावेत की, फांदीचे एक पानही दिसू नये. वडील माणसांस वाटते की, वर्गणीचा पैसा कागदात घालण्यापेक्षा मंदिराच्या कौलांकडे लावावा. दोन्ही बाजू पाळकाकडे येतात, आणि पाळकाने एक आकडा सांगावा अशी त्यांची अपेक्षा असते.

आम्ही पाळक होऊन प्रथम ज्या गावी गेलो तेथे हा आकडा सांगण्याची चूक आम्ही केली. पन्नास चांदण्या टांगाव्या असे आम्ही ठरविले, आणि त्या टांगल्याही. झाड फार शोभिवंत दिसले. परंतु भजन संपून मुलांस खाऊ वाटण्याची वेळ आली तेव्हा पुड्या चार कमी पडल्या. दाराशी उभी असलेली चार मुले रिकाम्या हातांनी अंधारात घराकडे गेली. मंडळीतील कोणी आम्हांस बोल लाविला नाही. तथापि त्या चांदण्यांचा हिशेब आमच्या मनातून पुढे कधीच गेला नाही. म्हणून ज्या पुरुषाच्या नावाशी नाताळचे झाड जगभर जोडले गेले आहे, त्याचे चरित्र वाचावयास मिळाले तेव्हा आम्ही ते ह्याच एका प्रश्नाकडे डोळा ठेवून वाचले. त्यातील सार आज वाचकांपुढे मांडीत आहो.

हा पुरुष म्हणजे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे पती आल्बर्ट राजपुत्र होत. त्यांचा जन्म 26 ऑगस्ट 1819 रोजी जर्मन देशातील कोबुर्ग शहराजवळ रोझेनाऊ नावाच्या वाड्यात झाला. वडील त्या लहानशा संस्थानाचे अधिपती होते. आल्बर्टास एकच भाऊ होता. त्याचे नाव अर्न्स्ट, आणि तो एका वर्षाने वडील होता. आईबापांचे पटले नाही. 1824 साली, आल्बर्ट अवघे पाच वर्षांचे असता, त्यांची आई ते घर सोडून गेली. तिची व मुलांची पुन्हा कधीही भेट झाली नाही. 1831 साली ती पॅरिस येथे मरण पावली. ह्या दोन भावांस जे काही घरपण मिळाले ते आजींच्या मायेत, शिक्षकाच्या सहवासात आणि वर्षाच्या सणांत मिळाले. त्या सणांत नाताळ मुख्य होता.

जर्मन देशात नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरात फर नावाच्या सदाहरित झाडाची फांदी अथवा लहान झाड उभे करण्याची चाल पूर्वापार होती. हे झाड आमच्या सुरूसारखे दिसते. त्यावर त्या काळी जे टांगीत ते बहुतेक खाण्याचेच असे. सफरचंदे, सोनेरी वर्ख लाविलेले अक्रोड, सुंठ घातलेल्या गोड रोट्या व साखरेची चित्रे, आणि ह्यांच्यामध्ये बारीक मेणबत्त्या. सणाचे दिवस संपले म्हणजे मुलांनी ते झाड लुटावे व सर्व खाऊन टाकावे असा रिवाज होता. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. झाडावरील शोभा म्हणजे मुलांचा वाटाच होय. जितके खाणारे तितके टांगावयाचे. शोभा निराळी व खाऊ निराळा असा भेद त्या मूळ चालीत नव्हता.

आल्बर्ट बॉन येथील विद्यापीठात शिकले. त्यांस अभ्यासाची, संगीताची व चित्रकलेची मनापासून आवड होती. व्हिक्टोरिया ही त्यांची मामेबहीण नसून आतेबहीण होय. तिची आई आल्बर्टाच्या वडिलांची सख्खी बहीण. 1837 साली ती राणी झाली, आणि 10 फेब्रुवारी 1840 रोजी लंडन येथे दोघांचा विवाह झाला. दोघेही त्या वेळी वीस वर्षांची होती.

लोकांस वाटते की, राणीचा पती म्हणजे सुखाचा धनी. पण आरंभीचे दिवस त्यांस कठीण गेले. परका मनुष्य म्हणून इंग्रज सरदार त्यांजकडे संशयाने पाहत. सरकारने त्यांस दरसाल 50,000 पौंड देण्याचे योजिले होते, ते पार्लमेंटाने 30,000 वर आणिले. राज्यकारभारात त्यांस प्रथम हात घालू देत नसत. आणि घरात पाहावे तर तेथेही त्यांची सत्ता चालत नसे. राजवाड्याचा कारभार तीन निरनिराळ्या खात्यांत वाटलेला होता. चुलीत लाकडे रचणारा एका खात्याचा, तर ती पेटविणारा दुसऱ्या खात्याचा. खिडकीची काच आतून पुसणारा एक, बाहेरून पुसणारा दुसरा. आणि दोघे एकाच दिवशी क्वचितच येत. त्यामुळे राणीच्या खिडकीतूनही स्वच्छ दिसत नसे.

आल्बर्टांनी हे सर्व बारकाईने तपासावयास घेतले. तेव्हा मेणबत्त्यांची गोष्ट उघडकीस आली. राजवाड्याच्या दालनांत दररोज नव्या मेणबत्त्या लावून ठेवीत. त्या पेटोत वा न पेटोत, दुसऱ्या दिवशी त्या काढून पुन्हा नव्या ठेवीत, आणि काढलेल्या मेणबत्त्या चाकरमंडळी आपला हक्क म्हणून घेऊन जात. ही चाल इतकी जुनी होती की, ती गैर आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. आल्बर्टांनी ती मोडली. ह्याबद्दल त्यांस कंजूष म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु ह्या व अशा दुसऱ्या सुधारणांमुळे जो पैसा वाचला त्यातून पुढे 1845 साली राणीने वाइट बेटावर ऑस्बोर्न येथे आपल्या कुटुंबाकरिता स्वतःची जागा घेतली. त्यासाठी प्रजेवर कराचा बोजा घालावा लागला नाही. न पेटणारी मेणबत्ती त्यांस खपत नसे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; कारण आता आपण पेटणाऱ्या मेणबत्त्यांकडे येत आहो.

नाताळचे झाड इंग्लंडात आल्बर्टांनीच प्रथम आणिले असे पुष्कळ ठिकाणी सांगण्यात येते. ते खरे नव्हे. तिसऱ्या जॉर्ज राजाची राणी शार्लट ही जर्मनच होती; तिने 1800 साली विंडसर येथे मुलांच्या मेळाव्याकरिता यू जातीचे एक झाड सजविले होते. व्हिक्टोरियेनेही लहानपणी आपल्या आईच्या घरी दिवे लाविलेली झाडे पाहिली होती. परंतु ही राजघराण्यातील व थोड्या श्रीमंतांची चाल होती. सामान्य लोकांस ती ठाऊक नव्हती. आल्बर्टांनी ती आपल्या मुलांच्या सोबत दरवर्षी पाळिली. 1840 साली त्यांस पहिली कन्या झाली व 1841 च्या नोव्हेंबरात पुत्र झाला. त्या वर्षीच्या नाताळात विंडसरच्या किल्ल्यात त्यांच्या हौसेचे झाड उभे राहिले. आपण व अर्न्स्ट लहान असता जो आनंद भोगला त्याचा पडसाद आता आपल्या मुलांत ऐकावयाचा आहे, अशा आशयाचे त्यांनी आपल्या घरी लिहून कळविले होते. ज्या घरातून आई निघून गेली त्या घरातील मुलगा आता आपल्या मुलांस पुरे घर देऊ पाहत होता. त्या झाडामागे ही गोष्ट होती.

1848 सालच्या नाताळात लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने विंडसर येथील झाडाचे चित्र व वर्णन छापिले. मेजावर ठेविलेले सुमारे आठ फूट उंचीचे फरचे झाड. फांद्यांचे सहा थर. प्रत्येक थरावर बारा मेणबत्त्या. म्हणजे एकंदर 72. फांद्यांवरून रंगीत फितींनी लोंबणाऱ्या मिठाईच्या सुबक परड्या, सोनेरी मुलाम्याच्या सुंठीच्या रोट्या, आत गोड पदार्थ भरलेली अंडी. शेंड्यावर पंख पसरलेला लहानसा देवदूत, त्याच्या दोन्ही हातांत फुलांची वेटोळी. हे झाड मुलांचे होते. दुसऱ्या दालनांत आणखी झाडे होती. त्यांपैकी राणीचे झाड आल्बर्टांनी सजवावयाचे व आल्बर्टांचे झाड राणीने सजवावयाचे, असा त्यांचा नेम होता. आपले झाड आपण कोणी सजवीत नसे.

हे चित्र पाहून मध्यम स्थितीच्या लोकांनीही आपापल्या घरी झाडे उभी केली. 1850 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या एका मासिकाने तेच चित्र छापिले; मात्र राणीच्या मस्तकावरील रत्नाचा अलंकार व आल्बर्टांच्या मिशा त्यातून काढून टाकिल्या, म्हणजे ते चित्र कोणाही साध्या अमेरिकन कुटुंबाचे वाटावे. येणेप्रमाणे एका राजवाड्यातील झाड दोन खंडांतील घरोघरी गेले. आल्बर्ट स्वतः विंडसरच्या शाळांस व शिपायांच्या बराकींसही सजविलेली झाडे पाठवीत असत.

येथे आमच्या पंचांपैकी कोणी विचारील की, 1848 हे साल कसे होते हे पाळकास ठाऊक आहे काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि तो टाळणे बरे नव्हे. आयर्लंडात 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून घोर दुष्काळ चालला होता. तो 1852 पर्यंत टिकला, आणि त्यात सुमारे दहा लक्ष माणसे उपासाने व तापाने मेली. आयर्लंड ह्याच राणीच्या राज्यात होते. लंडनमध्ये त्याच वर्षी 10 एप्रिल रोजी केनिंग्टन येथील मैदानात कामकरी लोकांचा मोठा मेळावा भरला, आणि दंगा होईल ह्या भीतीने राजकुटुंब दोन दिवस आधीच ऑस्बोर्न येथे गेले होते. अशा वर्षी 72 मेणबत्त्या व सोनेरी रोट्या शोभल्या काय? आम्हांस वाटते की, त्या उजेडात उपाशी लोकांची आठवण ज्यास झाली नसेल त्याचा आनंद पुरा शुद्ध म्हणता येणार नाही. आयर्लंडातील मेलेल्यांचा हिशेब कोणत्याही झाडाने फिटत नाही, आणि चरित्र लिहिणाऱ्याने तो झाकूही नये.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कामकरी वर्गाची स्थिती सुधारावी म्हणून निघालेल्या मंडळीचे आल्बर्ट हे अध्यक्ष होते. मेळाव्यानंतर सहा आठवडेही लोटले नाहीत तो, मे महिन्यात, त्या मंडळीच्या जाहीर सभेचे अध्यक्षस्थान त्यांनी घेतले. अशा वेळी जाऊ नये असे काही मंत्र्यांचे मत होते. तरी ते गेले. पुढे 1851 च्या महाप्रदर्शनात त्यांनी चार कामकरी कुटुंबांकरिता नमुन्याचे घर बांधवून दाखविले. प्रत्येक बिऱ्हाडास बसाउठावयाची खोली, आईबापांस, मुलांस व मुलींस निजावयास निरनिराळ्या तीन खोल्या, आणि घरातच पाणी व शौचकूप. प्रदर्शन संपल्यावर ते घर केनिंग्टनच्या त्याच मैदानाच्या जागी नेऊन पुन्हा उभे करण्यात आले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध 1 जून 1840 रोजी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्लंडातील आपले पहिले जाहीर भाषण केले होते, हेही येथे सांगणे उचित आहे.

त्या महाप्रदर्शनाचे वर्णन करू लागलो तर हे पान पुरणार नाही. लंडनच्या हाइड बागेत काचेचा प्रचंड महाल उभारला गेला. सुमारे साठ लक्ष प्रवेश झाले. आणि खर्च वजा जाता 1,86,000 पौंड उरले. तो पैसा मेजवान्यांत न घालविता त्यातून जमीन घेऊन विद्येची व कलेची मोठी स्थाने उभारण्यात आली. मुंबईकर वाचकांस ह्याची खूण जवळच पाहावयास मिळेल. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील जे संग्रहालय 1872 साली उघडले व ज्यास 1975 पासून डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव आहे, ते प्रथम व्हिक्टोरिया व आल्बर्ट ह्यांच्या नावाचे होते. आणि डेव्हिड ससून ह्यांनी दिलेला आल्बर्टांचा पांढरा पाषाणी पुतळा त्याच्या दालनात उभा आहे.

आता झाडाकडे परत येऊ. कोबुर्गापासून फार दूर नाही अशा डोंगराळ भागात लाउशा नावाचे काच फुंकणारांचे गाव आहे. ज्या 1848 सालाचे विंडसरचे चित्र आहे, त्याच सालच्या त्या गावच्या एका कारागिराच्या वहीत झाडास टांगावयाच्या काचेच्या गोळ्यांची मागणी नोंदलेली आहे. ती सहा डझनांची, म्हणजे तीही 72 च होय. तेथे अशी कथा सांगतात की, एका गरीब कारागिरास आपल्या मुलांकरिता सफरचंदे व अक्रोड विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने ती काचेची फुंकून केली. ती केवळ दंतकथा असेल. परंतु काचेचे फळ झाडावर आले तेव्हापासून एक फरक पडला, हे मात्र खरे. काच कोणास खाता येत नाही. ती पेटीत ठेवून पुढल्या वर्षी पुन्हा काढिता येते, आणि दरवर्षी तीत भर घालिता येते. तेव्हापासून किती हा प्रश्न निघाला. कारण खाणाऱ्यांची संख्या हे जे जुने माप होते ते नाहीसे झाले.

राजवाड्यातही झाडे वाढत गेली. 1860 च्या नाताळात विंडसर येथे राणीच्या तीन दालनांतील झुंबरे उतरवून त्यांच्या जागी छतापासून मोठमोठी झाडे टांगिली होती, आणि मेजांवर आणखी होती. सर्वांवर मिठाई व रंगीत मेणबत्त्या. काही झाडांवर तर बर्फ पडल्याचा भास केलेला. सर्व कुटुंबाने एकमेकांस भेटी दिल्या, आणि आल्बर्ट मुलांत मूल होऊन खेळले. तो त्यांचा अखेरचा नाताळ होता हे कोणास माहीत नव्हते.

पुढील वर्षी मार्चमध्ये राणीची आई वारली. नोव्हेंबरात आल्बर्टांची प्रकृती बिघडली. त्याच वेळी अमेरिकेतील यादवी युद्धात एका इंग्रज जहाजावरून दोन वकिलांस पकडून नेल्यामुळे इंग्लंड व अमेरिका ह्यांच्यात लढाई जुंपण्याची वेळ आली. सरकारने कडक खलिता तयार केला होता. 1 डिसेंबर 1861 रोजी सकाळी, हातात लेखणी धरवत नव्हती अशा स्थितीत, आल्बर्टांनी त्यातील भाषा मऊ केली, आणि अमेरिकेस मान राखून माघार घेण्यास वाट ठेविली. लढाई टळली. हे त्यांचे शेवटचे काम. 14 डिसेंबरच्या रात्री विंडसर येथे ते वारले. वय अवघे 42 वर्षांचे. त्या वेळच्या वैद्यांनी विषमज्वर असे निदान केले. आजचे काही वैद्य पोटाचा दुसरा जुनाट विकार असावा असे मानतात. 23 डिसेंबर रोजी त्यांचा दफनविधी झाला. दुसऱ्याच दिवशी नाताळची संध्याकाळ होती, आणि एक वर्षापूर्वी जेथे छतापासून दिवे लोंबत होते तेथे शोकाचा काळोख होता.

राणीने त्यानंतर एकोणचाळीस वर्षे, म्हणजे 1901 साली मरेपर्यंत, काळी वस्त्रे घातली. आल्बर्टांच्या खोलीत दररोज गरम पाणी व स्वच्छ पंचे नेऊन ठेवण्याचा तिने हुकूम केला होता. न वापरलेल्या मेणबत्त्या दररोज बदलण्याची चाल ज्याने मोडली, त्याच्याच खोलीत न वापरलेले पाणी इतकी वर्षे दररोज बदलले जात होते. प्रीतीचे हे वेड पाहून हसू येत नाही. पण ज्यांचे प्रियजन जिवंत आहेत त्यांनी काय करावे ते ह्यावरून समजते. देणे असेल ते घेणारा हात पुढे असतानाच द्यावे.

असो. प्रश्न होता की, झाडावर किती टांगावे. आल्बर्टांच्या चरित्रात आम्हांस ह्याचा आकडा सापडला नाही. माप मात्र सापडले. ज्या वस्तूचा घेणारा कोणी नाही ती न पेटलेल्या मेणबत्तीसारखी आहे. एक असली तरी ती अधिकच. आणि ज्या वस्तूची कोणी लहान मूल वाट पाहत आहे ती बहात्तरावी असली तरी अधिक नव्हे. तसेच, आपले झाड आपण सजवू नये. वरच्या वस्तीने खालच्या वस्तीचे व खालच्या वस्तीने वरच्या वस्तीचे झाड सजवून पाहावे. मग किती हा वाद फारसा राहणार नाही, कारण दुसऱ्याच्या मुलांकरिता टांगताना मनुष्यास आपली हौस आवरता येते.

आमच्या उपदेशक बंधूंस इतकेच सुचवितो की, बेगड आणण्यापूर्वी शब्बाथशाळेचा हजेरीपट उघडावा. जितकी नावे तितक्या खोबऱ्याच्या वड्यांच्या अथवा रेवड्यांच्या पुड्या रंगीत कागदात बांधून फांदीस टांगाव्या. मुले वाटा नेतील तसतशी फांदी रिकामी होईल, आणि रिकामी फांदी हीच त्या रात्रीची खरी शोभा समजावी. पैसे उरलेच तर एखादी चांदणी शेंड्यावर खुशाल लावावी. तिला आमची हरकत नाही.

आणि हजेरीपटात ज्यांची नावे नाहीत, जी भजनाचा आवाज ऐकून दाराशी येऊन उभी राहतात व आत येण्यास लाजतात, त्यांच्याकरिता काही पुड्या अधिक बांधाव्या. किती अधिक, असे कोणी विचारील तर आम्ही निदान चार असे सांगतो. हा एकच आकडा आम्हांस खात्रीने ठाऊक आहे.